दादाची सिगारेट सुटली तेव्हा

३ फेब्रुवारी

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडणार असशील तर फाड, पण त्याआधी एवढी एक ओळ वाच. दादाने सिगारेट सोडली.

पुन्हा वाच हवं तर. मीही रोज सकाळी स्वतःला हेच पुन्हा सांगते, कारण माझाच विश्वास बसत नाही. तू ज्याला धुराडं म्हणायचीस तो हाच. एका शर्टाला इस्त्री झाली की एक सिगारेट, मग दुसरा शर्ट. गिऱ्हाइकं म्हणायची, लॉन्ड्रीत कपडे धुवायला देतो की धुरी द्यायला? गोळी घ्यायला लावायची तर आधी सिगारेट दाखवायची, लहान मुलाला खाऊ दाखवतात तशी. आई तर पाकिटं कपाटात कुलूप लावून ठेवायची आणि गोळी गिळल्याचं तोंड उघडून बघितल्यावरच एक काढून द्यायची. आता ते कपाट उघडंच असतं आणि आत आईच्या शाली आहेत.

फोन तू घेत नाहीस. नंबर बदललास की मला बाजूला काढून टाकलंस, हे कळायला मार्ग नाही. तू राहतेस त्या वसतिगृहाचा पत्ता तुझ्या भावाकडून काढला. त्याच्यावर चिडू नकोस, त्याचा कोट फुकटात ड्रायक्लीन करून दिला तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं.

झालं असं, की दादा दुपारी ज्या केंद्रात जातो ना, कॅरम आणि कागदी पिशव्यांचं, तिथे एक नवी ताई आलीय. वयाने माझ्याहून लहान, पण सगळे ताईच म्हणतात. तिने सिगारेट सोडणाऱ्यांचा गट सुरू केला. मी म्हटलं, अहो, डोक्याच्या आजाराची माणसं ती, त्यांना दुसरं आहे काय? ओढू दे बिचाऱ्यांना. तर ती म्हणाली, "बिचाऱ्यांना फुप्फुसं नसतात का?" मी तशीच घरी आले आणि आईला सांगितलं.

आई चिडली. त्याचं एवढं एकच सुख, तेही काढून घ्या म्हणाली. मलाही आतून तसंच वाटत होतं. पण दादानेच गटात हात वर केला. का रे, म्हणून विचारलं तर म्हणाला, "खोकला येतो." पुढे काही नाही. ताई त्याला निकोटिनच्या, च्युइंगमसारख्या चघळायच्या गोळ्या देते. त्या चघळून झाल्या की तो इस्त्रीच्या टेबलाखाली चिकटवून ठेवतो, आणि माझा गुडघा रोज तिथे चिकटतो. पण असू दे. धूर नाही, तर चिकटपणा चालेल.

आता मूळ मुद्दा. तू का गेलीस हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी उच्चारत नाही, म्हणून मीच लिहून टाकते. हॉस्पिटलात दादा शांत असायचा. घरी आणला की महिनाभरात पुन्हा त्याला आवाज ऐकू यायचे, पुन्हा भिंतीशी भांडणं. एकदा नाही, तीनदा. आई म्हणाली, घरात आल्यावरच हा बिघडतो, मग घरात नवं माणूस कोण? जुने डॉक्टर म्हणाले, घरातलं वातावरण. आणि शेवटी तूच म्हणालीस, मी नसले तर तो बरा राहील. तू भांडून गेली नाहीस. तो बरा राहावा म्हणून गेलीस. आणि तू गेल्यावर तो खरंच बरा राहिला. आता यावर मी काय बोलणार होते, सांग.

पण ज्या माणसाने सिगारेट सोडली त्याला आता बायकोही सोसवेल, असं मला वाटायला लागलंय. (हस की जरा.) एकदा येऊन बघ. दुकानात गिऱ्हाईक म्हणून ये, एक साडी रोल-प्रेसला दे आणि जा. त्याला काही झालं नाही तर पुढचं बघू.

कुणाला सांगू नकोस. डॉक्टरांनाही अजून सांगितलेलं नाही. आपल्या घरचं तुला ठाऊक आहे, पदरात पडल्याशिवाय बोलायचं नाही, बोललं की मोडतं.

तुझी नणंद
(हे नातं अजून कुणी रद्द केलेलं नाही)


२१ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, पत्र परतही आलेलं नाही, मी त्यातच खूश आहे.

दादा मजेत आहे. सिगारेट बंद ती बंद. झोप अगदी छान लागते. पूर्वी कसा उठून येरझारा घालायचा, आता पडला की सकाळीच उठतो. सकाळी म्हणजे, जरा उशिराच. दुपारीही एक डुलकी काढतो. काल गिऱ्हाइकाला बिल देता देता काउंटरवर डोकं टेकून झोपला. गिऱ्हाईक भला माणूस, त्याने स्वतःच आपले कपडे शोधून घेतले आणि जाताना दार हळू लावलं.

उशी ओली होते. लाळ गळते. पण झोपेत कुणाची गळत नाही? तुझ्या नवऱ्याची गळली की लगेच बातमी का व्हावी?

वकीलसाहेबांच्या काळ्या कोटावर इस्त्रीचा ठसा उठला. पाठीवर, मधोमध, टोकदार. मी त्यांना सांगितलं, इस्त्रीचा थर्मोस्टॅट बिघडलाय. थर्मोस्टॅट व्यवस्थित आहे. दादा इस्त्री हातात धरून उभ्या उभ्या झोपला होता. मी धूर बघून धावले. आधी वाटलं, सापडला चोर, चोरून ओढतोय! आणि बघते तर कोट जळतोय. खरं सांगू, क्षणभर मला वाटलं, त्यापेक्षा सिगारेट असती तर बरं झालं असतं.

आधी वाटलं गोळ्या दोनदा घेतोय की काय. मी मोजल्या, बरोबर होत्या. मग वाटलं, इतकी वर्षं सिगारेटने उडवलेली झोप आता वसूल करतोय. मग वाटलं, दुःख झालंय त्याला. आई म्हणते, सुख काढून घेतलं की माणूस झोपतो, दुसरं काय करणार. मला रोज नवं काहीतरी वाटतं आणि संध्याकाळपर्यंत तेही खोटं ठरतं. डोक्याचा पार भुगा झालाय.

डॉक्टरांकडची तारीख अजून लांब आहे. तोवर गोळ्या हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीवर मिळतात, आणि खिडकीतला माणूस नाव आणि नंबर सोडून काही विचारत नाही.

बाकी मी तुला ये म्हणाले होते, त्याची घाई करू नकोस. दुकान रंगवायला काढतोय. रंगाचा वास तुला सोसत नाही, मला आठवतं.

तुझी नणंद


६ मार्च

वहिनी,

तुझं पत्र आलं. एवढ्या वर्षांनी चार ओळी, आणि त्यातही रंगाची चौकशी! "तो झोपतोय म्हणजे बरा आहे. हॉस्पिटलात असाच झोपायचा. उशी ओली व्हायची, मी अभ्रा बदलायचे. दुकानाला कुठला रंग देताय?"

कुठलाच नाही. रंग नाही, रंगारी नाही. तू यायला नको म्हणून मी थाप मारली. तू येशील आणि त्याला असा बघशील, आणि मग आयुष्यात पुन्हा येणार नाहीस, अशी भीती वाटली. आता सगळं खरं लिहिते, कारण एकटीने हे डोक्यात ठेवायची माझी ताकद संपली.

दादा जिन्यावरून पडला. फार लागलं नाही, कोपर खरचटलं, पण पडला तो चालता चालता झोपून. बोलताना जीभ जड झालेली. चहाचा कप ओठांपर्यंत न्यायचा आणि मध्येच विसरायचा. हातापायांना झटके यायचे, झोपेत आपल्याला येतात तसे, पण जागेपणी. आईने एकदाच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "झालं तुमचं समाधान?" मलाही तेच वाटत होतं. चांगलं करायला गेले आणि माणूस हातचा चालला.

म्हणून मी पाकीट आणलं.

त्याने मागितली नव्हती, हे लक्षात ठेव. मी त्याच्यासमोर धरली तर "नको" म्हणाला. अर्धे डोळे मिटलेले, हनुवटीवर लाळ, आणि म्हणतो नको, सोडलीय मी. मी म्हटलं, "ओढ रे, तुझ्या पाया पडते, ओढ." मीच पेटवून दिली. पेटवताना मलाच ठसका लागला, तर तो हसला. कित्येक दिवसांनी हसला. मग रोज देत गेले. एकदा सुरू झाल्यावर त्याला वेगळं सांगावं लागलं नाही.

आणि वहिनी, तो उठला. आठवडाभरात उठला. लाळ थांबली, जीभ सुटली, झटके गेले. काल त्याने सकाळपासून शर्टांचा ढीग संपवला आणि वर मला म्हणाला, "या टेबलाखाली काय घाण चिकटलीय ही?"

आता तूच सांग, मी काय समजू? जगभर ओरडून सांगतात, सिगारेट म्हणजे विष. मी माझ्या भावाला विष दिलं आणि तो उठून कामाला लागला. सोडवली तेव्हा मरायला टेकला होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! खोकलाही परत आलाय. शेजारच्या खोलीत तो खोकतो आणि मी पडल्या पडल्या ऐकते, आणि मला चक्क बरं वाटतं, की जागा आहे. कसलं हे बरं वाटणं? माझी मलाच लाज वाटते.

कदाचित काही माणसं धुरावरच चालत असतील. इंजिनासारखी.

उद्या केंद्रात जाऊन त्या ताईशी भांडणार आहे. तिला सांगणार आहे, तुमची फुप्फुसं तुमच्यापाशी ठेवा. माझा भाऊ मला डोळे उघडे असलेला हवाय.

तू येऊ नकोस. घरभर धूर आहे.

तुझी नणंद


१९ मार्च

वहिनी,

भांडायला गेले होते. भांडण राहूनच गेलं.

मी दारातूनच सुरू केलं. कोट, जिना, लाळ, सगळं एका दमात. दादा मागे उभा होता, त्याचं तोंड शरमेने एवढंसं झालं होतं. मला वाटलं ताई म्हणेल, मन घट्ट करा, सुरुवातीला त्रास होतोच. पण तिने विचारलं, "कुठली गोळी घेतात हे?" दादाने नाव सांगितलं. ताई खुर्चीत बसली आणि म्हणाली, "डॉक्टरांना कळवलं होतं ना, सिगारेट सोडतोय म्हणून? मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं."

मी दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "मला वाटलं, ही कळवेल." मला तर त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असतं तरी काय केलं असतं? पदरात पडल्याशिवाय बोलायचं नाही! आपल्या घरचं शहाणपण हे असं आहे.

ताई आम्हाला तशीच डॉक्टरांकडे घेऊन गेली. जुने डॉक्टर आता नाहीत, एक बाई आहेत. पायात कापडी बूट, टेबलावर अर्धा राहिलेला डबा. त्यांनी डबा बाजूला सारला आणि दादाला समोर बसवून, माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलल्या. त्या जे म्हणाल्या ते मी तीनदा विचारून घेतलं, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. तुला त्यांच्याच शब्दांत सांगते.

सिगारेटचा धूर अंगात असला, की शरीर ही गोळी लवकर संपवून टाकतं. सगळ्याच गोळ्यांचं असं होत नाही, याच्या गोळीचं होतं. म्हणून ओढणाऱ्याला ती जास्त द्यावी लागते. आणि ओढणं थांबलं, की तीच गोळी रक्तात साठत जाते. गोळ्या मोजल्या तर बरोबर भरतात, पण अंगात दुप्पट असल्यासारखं होतं. म्हणून ती झोप, ती लाळ, ते झटके. हे निकोटिनमुळे होत नाही, धुरामुळे होतं, त्यामुळे त्या चघळायच्या गोळ्यांचा यात काही संबंध नाही. मी विचारलं, "म्हणजे सिगारेट सोडल्याने तो आजारी पडला नाही?" त्या म्हणाल्या, "सोडली हे उत्तमच केलं. औषध कमी करायला हवं होतं, ते राहिलं. आणखी थोडे दिवस तसंच चाललं असतं तर फिट आली असती."

मी पेटवून दिली होती, तेही सांगितलं. रागावतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला दिसलं ते खरंच होतं. अर्थ चुकला." एवढंच. मला मात्र तिथेच रडू आलं, आणि रडतेय कशाला हेही कळेना. सुटलो म्हणून की मूर्ख ठरलो म्हणून?

मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "पूर्वी हॉस्पिटलात असताना ओढायला मिळायची का?"

मी म्हटलं, "छे, दारातच काढून घ्यायचे."

"तिथे कसे असायचे?"

"झोपलेला असायचा. शांत. उशी ओली व्हायची." तुझंच वाक्य होतं ते, पत्रातलं.

"आणि घरी आल्यावर?"

दादानेच उत्तर दिलं. "गेटच्या बाहेर आलो की पहिली."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तिथे धूर नव्हता, म्हणून तेवढं औषध पुरत होतं. घरी येऊन ओढायला लागलात की तेच औषध कमी पडत असणार, आणि थोड्या दिवसांत आजार वर येत असणार. फक्त एवढ्यानेच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण दुसऱ्या कशाला दोष देण्याआधी मी हे तपासलं असतं."

मी म्हटलं, "पण वहिनी गेल्यावर तर तो—" आणि तिथेच थांबले. कारण आठवलं. तू गेलीस त्याच आठवड्यात जुन्या डॉक्टरांनी गोळी वाढवली होती. मीच खिडकीवर जाऊन नवं मोठं पाकीट आणलं होतं आणि गोळ्या कपाटात लावताना आईला म्हटलं होतं, आता जागा पुरणार नाही. गोळी वाढली आणि तू गेलीस, दोन्ही एकदमच. आम्ही गोळी विसरलो आणि तुझं जाणं लक्षात ठेवलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून कावळ्याला हाकललं. तूसुद्धा त्यात होतीस, आपल्याच हाताने स्वतःला हाकलणारी.

दादा खाली बघत बसला होता. मला वाटलं त्याला समजलं नसेल, नाहीतर ऐकू येणाऱ्या आवाजांकडे त्याचं लक्ष असेल. मग मान वर न करता त्याने विचारलं, "हे माझ्या बायकोला कुणी सांगितलं का?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी ताईकडे, ताईने भिंतीकडे.

"नाही," मी म्हटलं.

"मग सांग," तो म्हणाला. "तिला वाटतं, तिच्यामुळे होतं. मलाही तसंच वाटायचं. म्हणून मी तिला थांब म्हटलं नाही."

वहिनी, इतकी वर्षं मला वाटायचं, तू गेलीस ते त्याला नीट उमगलंच नाही. गोळ्यांच्या गुंगीत असेल, असं वाटायचं. त्याला सगळं उमगलं होतं. तू त्याच्यासाठी गेलीस, आणि त्याने तुला अडवलं नाही ते नुसतं तुझ्यापासून दूर आपण बरे राहू म्हणून नव्हे, तर आपण बिघडलो की तुला दोष लागतो म्हणून. हे त्याने घरी येताना सांगितलं, रस्त्याच्या कडेला उभं राहून, पूर्ण वाक्यांत. मी तुझ्यावर चिडू, त्याच्यावर चिडू, की त्या जुन्या डॉक्टरांवर? रागवायला एक धड माणूस सापडत नाही, आणि राग तर एवढा आहे.

आईला सांगितलं. ती म्हणाली, ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं, मोठ्याने. पुन्हा म्हणाली, ऐकू आलं नाही. आणि संध्याकाळी मला न विचारता तुझ्या खोलीतल्या माझ्या कपड्यांच्या गाठोड्यांचा ढीग उचलून बाहेर ठेवायला लागली. मी गाठोड्याचं दुसरं टोक धरलं.

आता रक्त तपासून, गोळी हळूहळू कमी करत, दादा पुन्हा सोडतोय. या वेळी डॉक्टर, ताई, खिडकीतला माणूस, सगळ्यांना सांगून. वकीलसाहेबांनाही मी सांगितलं, कोटाची भरपाई करताना. जमेल का, मला ठाऊक नाही. परवा एक ओढलीच त्याने, आणि स्वतः येऊन सांगितलं. आवाज पूर्ण गेलेले नाहीत, तेही सांगून ठेवते. मागच्यासारखी थाप नको.

मी त्याला विचारलं, वहिनीला ये म्हणून लिहू का? तो म्हणाला, "नको. ये म्हटलं तर तिला यावं लागेल. तिला नुसतं कळव."

म्हणून ये असं लिहीत नाही. नुसतं कळवते. वहिनी, तुझ्यामुळे नव्हतं.

तुझी नणंद